स्टरिलिटी टेस्टच्या (औषधात जिवंत जंतू नाहीत ना, हे बघणाऱ्या चाचणीच्या) बाटल्या सातव्या दिवशी स्वच्छ असतील तर बॅच सोडता येते का?

नाही, फार्माकोपियानुसार (औषधांच्या अधिकृत मानक-ग्रंथानुसार) किमान १४ दिवस थांबावंच लागतं. त्वचेवरचा, हळू वाढणारा जंतू क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस किंवा निर्जंतुकीकरणात अर्धमेला झालेला जंतू दुसऱ्या आठवड्यातही डोकं वर काढू शकतो. मी क्यूसी मायक्रोत (गुणवत्ता तपासणीच्या सूक्ष्मजीव विभागात) सीनियर आहे, रिपोर्टवर सही माझी असते. प्रॉडक्शनवाल्यांचे फोन सहाव्या दिवसापासूनच सुरू होतात! जंतू वाढवायची दोन द्रव माध्यमं असतात: थायोग्लायकोलेट ३०-३५ अंशांना, सोयाबीन केसीन २०-२५ अंशांना ठेवतो आणि मध्ये मध्ये उजेडापुढे धरून गढूळपणा बघतो. थायोग्लायकोलेट मात्र जोरात हलवायचं नाही, ऑक्सिजन मिसळून वरचा, ऑक्सिजन दाखवणारा गुलाबी थर खाली पसरतो. अपवाद: व्हॅलिडेट केलेली (तपासून सिद्ध केलेली), मंजुरी मिळालेली रॅपिड पद्धत असेल तर निकाल लवकर लागतो, आणि अल्पायुषी रेडिओफार्मास्युटिकल्स (किरणोत्सारी औषधं) टेस्ट संपण्याआधीच रुग्णाला दिली जातात.