कारखान्यात कधीच न बनलेले फोनोग्राफचे (आवाज मुद्रित करून ऐकवणाऱ्या जुन्या यंत्राचे) नमुने कुठे आहेत? त्यांतून आवाज निघतो का?

माझ्या मते सर्वांत नामी संग्रह वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल, त्यांचे चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी १८८०च्या दशकात व्होल्टा प्रयोगशाळेत ध्वनिमुद्रणाचे प्रयोग केले, त्यांतलेच हे नमुने. एडिसनच्या कथिलाच्या वर्खाऐवजी मेण, सुईऐवजी हवेचा झोत, काचेच्या तबकडीवर चक्क प्रकाशाने ध्वनिमुद्रण! बाजारात पोचला तो मेणाच्या नळकांड्याचा ग्राफोफोन. १८८१मध्ये पेटंटच्या वादाची तजवीज म्हणून एक यंत्र सीलबंद पेटीत स्मिथसोनियनमध्ये ठेवलं. पेटी उघडली १९३७ साली. त्या यंत्रावर मुद्रित केलेलं वाक्य खट्याळ आहे: 'मी ग्राफोफोन, माझी आई फोनोग्राफ.'

आवाज निघतो, पण सुई लावून नाही, खाचा खराब होतील. खाचांचं स्कॅनिंग करून संगणकावर ऐकतात. १८८५च्या एका तबकडीतून खुद्द बेल बोलतात.