सायकलीला मोटारसायकलचं हेल्मेट घालावं का?

प्रश्न : आमचे हे सांगलीहून कुपवाड एमआयडीसीत रोज सायकलने कामाला जातात. वाटेत ट्रक, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. घरात मुलाचं मोटारसायकलचं जाड हेल्मेट आहे, ते घाला म्हटलं की ‘मान अवघडते’ म्हणतात आणि कंपनीचं पिवळं हेल्मेट डोक्यावर ठेवून निघतात. जड हेल्मेट जास्त सुरक्षित, हे त्यांना कसं पटवू? मुलगाही आता बॅटरीची सायकल मागतोय. त्याला कोणतं घ्यावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी ते पिवळं हेल्मेट बंद करा. वरून पाना किंवा नट पडला तर टाळू वाचावी, यासाठी ते केलेलं असतं. सायकलवरून पडणारा माणूस आपटतो कपाळावर, नाहीतर कानशिलावर. तिथे त्यात गादी नसते. वर बहुतेकांना हनुवटीचा पट्टाही नसतो. डोकं रस्त्याला लागायच्या आत ते गटारात गेलेलं असेल.

आता वजनाचं. दुकानात गिऱ्हाईक सायकलचं हेल्मेट नारळासारखं हातात तोलून बघतं आणि ‘हे काय, नुसता थर्माकोल’ म्हणून परत ठेवतं. अहो, तो थर्माकोलच तर डोकं वाचवतो! आपटल्यावर तो चेपतो, आणि तो चेपेपर्यंत डोक्याला थांबायला जरा अवधी मिळतो. म्हणून बघायची ती त्याची जाडी, आणि कपाळ, कानशील, मागची कवटी किती झाकली जाते ते. सायकलचं हेल्मेट साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरतं. मोटारसायकलचं सव्वा-दीड किलोपर्यंत जातं, कारण त्यात जाड कवच, काच आणि हनुवटीचा भाग येतो.

सायकलच्या हेल्मेटची परीक्षाही होते. युरोपच्या ईएन १०७८ चाचणीत ते सुमारे दीड मीटरवरून सपाट लोखंडी ठोकळ्यावर आपटतात. आदळताना वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. अमेरिकेच्या सीपीएससी चाचणीत उंची २ मीटर. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण या दोन उंचींच्या मधेच कुठेतरी असतं. खड्ड्यात चाक गेलं, वाळूवर घसरलं, कुत्रं आडवं आलं, अशा पडण्यासाठी ते पुरेसं आहे. आतल्या स्टिकरवर यांपैकी एक नाव असलेलंच घ्या.

मोटारसायकलचं हेल्मेट डोकं वाचवत नाही असं माझं म्हणणं नाही. आपटण्यापुरतं बोलायचं तर ते वरचढच. पण ते वाऱ्यात बसणाऱ्या माणसासाठी आहे. पायडल मारणाऱ्याच्या अंगातून वाफा निघतात. एप्रिलच्या दुपारी पाळी सुटल्यावर ते घालून एखादा चढ चढून बघा म्हणजे कळेल. काचेवर वाफ धरते, मागच्या ट्रॉलीचा आवाज दबतो, आणि आठवड्याभरात हेल्मेट हँडलला लटकतं. यजमान मानेचं म्हणतात ते खोटं नाही. त्यांना भोकं असलेलं हलकं हेल्मेट घेऊन द्या. भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, आणि पट्टा लावून मान झटकली तर हलता कामा नये.

ट्रकने उडवलं तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. त्याची हमी हलकं काय नि जड काय, कुठलंच हेल्मेट देत नाही. तिथे मागचा लाल दिवा आणि हँडलचा आरसा जास्त उपयोगी. यजमान रात्रपाळी करत असतील तर हेल्मेटच्या आधी दिवा आणा, असं मी म्हणेन.

मुलाची बॅटरीची सायकल जोरात पळणारी असेल, तर मात्र जड हेल्मेटच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर कायद्याने ते मोटार वाहन ठरत नाही, हेल्मेटची सक्तीही नाही. अशा सायकलीला वडिलांसारखंच हेल्मेट चालेल. पण ताशी ४५ पर्यंत पळणाऱ्या सायकलींसाठी नेदरलँड्सने २०१६ मध्ये एनटीए ८७७६ हे वेगळं मानक केलं : आपटण्याचा वेग ताशी २३ किलोमीटरच्या वर, कानशील आणि मानेकडची बाजू जास्त झाकलेली. तिथे वाढलेलं वजन सार्थकी लागतं. आपल्याकडे एवढी पळणारी गाडी कायद्याने मोटारसायकलच. तिला आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट हवं, आणि नोंदणी व लायसन्सही. दुकानदार ‘आरटीओची भानगड नाही’ म्हणाला तरी पैसे देण्याआधी मोकळ्या रस्त्यावर पळवून वेगाचा काटा कुठवर जातो ते बघा.