अवयव न सापडताही संख्या संयुक्त कशी ठरते?

प्रश्न : २ च्या ६७व्या घातातून १ वजा केल्यास १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. ती मूळ संख्या नाही हे १८७६ मध्ये सिद्ध झाले, पण तिचे अवयव मात्र १९०३ मध्ये मिळाले, असे वाचनात आले. अवयव हाती नसताना ती संयुक्त आहे हे कशावरून ठरले?

उत्तर : संख्या संयुक्त आहे हे दाखवणे आणि तिचे अवयव शोधणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. प्रत्येक मूळ संख्येला काही कसोट्या पार कराव्याच लागतात. त्यांपैकी एकीत जरी संख्या नापास झाली, तरी ती संयुक्त ठरते, मग तिला कशाने भाग जातो हे कळो वा न कळो. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये नेमका हाच मार्ग धरला. त्यांच्या पद्धतीला लेमर यांनी पुढे दिलेले सुटसुटीत रूप असे : ४ पासून आरंभ करावा, दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवावी. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर ही क्रिया घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य उरली तरच संख्या मूळ असते.

घातांक ११ घेऊन हे कागदावर करता येते. संख्या २०४७, क्रिया नऊ वेळा. बाक्या क्रमाने १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि १७३६ अशा येतात. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. पण या आकड्यांत २३ आणि ८९ या तिच्या अवयवांचा मागमूसही नाही. घातांक ६७ साठी हीच क्रिया ६५ वेळा करावी लागते, आणि हाताने करायची तर ती कंटाळवाणी असली तरी आवाक्यातली आहे.

अवयव शोधणे त्याहून पुष्कळच कठीण. येथे एक गुणधर्म उपयोगी पडतो : आपल्या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, भाग जातोच, शिवाय अवयवाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च येते. एवढी चाळण लावूनही लहान अवयवापर्यंत सुमारे सव्वासात लाख उमेदवार उरतात. फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे मांडलेले अवयव आहेत १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. पहिल्यातून १ वजा करून १३४ ने भागल्यास बरोबर १४,४५,५८० येतात. दुसऱ्याचा भागाकार आपणच करून पाहावा.