अणुभट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का? आणि बंद केली की धोका संपतो ना?

बॉम्बचं आधी उरकतो. बॉम्बसाठी युरेनियम-२३५ चं, म्हणजे युरेनियमच्या सहज फुटणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण साधारण ९० टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. वीजकेंद्राच्या इंधनात ते बहुतेक ३ ते ५ टक्के असतं. जड पाण्याच्या कित्येक भट्ट्या तर नैसर्गिक, म्हणजे ०.७ टक्क्याच्या युरेनियमवर चालतात. इतक्या विरळ इंधनाचा अणुबॉम्ब होत नाही. भट्टीत स्फोट होतात ते वाफेचे किंवा हायड्रोजनचे.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. नियंत्रक कांड्या गाभ्यात, म्हणजे इंधन असलेल्या भागात, पडल्या की काही सेकंदांत विखंडनाची (अणू फुटण्याची) साखळी तुटते. पण विखंडनातून तयार झालेले आयोडीन, सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरेंचा किरणोत्सारी ऱ्हास चालूच राहतो आणि त्याची उष्णता कुठल्याही बटणाने थांबत नाही. १००० मेगावॉट विजेच्या भट्टीत मुळात सुमारे ३००० मेगावॉट उष्णता निघते. बंद करताच त्यातली ६-७ टक्के उरते, म्हणजे जवळपास २०० मेगावॉट. तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या १५ मेगावॉटमध्ये तासाला सुमारे २४ टन उकळतं पाणी वाफ होऊन जातं. तेवढी भर पडली नाही तर पातळी उतरते, इंधनकांड्या उघड्या पडतात, आणि साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांचं झिर्कोनियमचं आवरण वाफेशी झपाट्याने संयोग पावून हायड्रोजन सोडतं. या संयोगातूनही उष्णताच बाहेर पडते.

जपानमधल्या फुकुशिमात ११ मार्च २०११ रोजी हेच घडलं. भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पाऊण-एक तासाने त्सुनामी आली, तळघरांतले डिझेल जनरेटर बुडाले, थंडावा गेला. क्रमांक ६ च्या भट्टीचा हवेने थंड होणारा एक जनरेटर उंचावर होता; तो वाचला आणि त्याच्या विजेवर ५ व ६ दोन्ही भट्ट्या सावरल्या. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात (१९७९) एक झडप उघडी अडकली होती, दिव्यावरून मात्र ती बंद वाटत होती. पाणी जास्त झालंय असं समजून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. निम्मा गाभा वितळला, तरी काँक्रीटच्या बंदिस्त कवचाने बहुतेक किरणोत्सार आत रोखला. चेर्नोबिलची (१९८६) जात वेगळी: तिथे पाण्याची वाफ झाली की शक्ती वाढायची, आणि असं पूर्ण कवचही नव्हतं. त्यावरून सगळ्या भट्ट्यांना मोजू नये.

म्हणून एखाद्या केंद्राबद्दल विचारायचं ते हे: बाहेरची वीज पूर्ण गेली तर पाणी किती वेळ पोहोचेल? एपी-१००० नावाच्या भट्टीच्या रचनेत कवचाच्या माथ्यावरच्या टाकीतलं पाणी पंपाशिवाय, गुरुत्वाने खाली येतं. ७२ तासांची सोय असते.

फायदा मोठा आहेच. हजार मेगावॉटला वर्षाला २५-३० टन इंधन पुरतं. कोळसा असता तर सुमारे ३० लाख टन लागला असता. कोळशाच्या धुराने दर युनिट विजेमागे जाणारे बळी अणुवीजेच्या, अपघात धरूनही, कित्येक पट जास्त आहेत.

वापरलेल्या इंधनालाही थंडाव्याचा हाच नियम. ते आधी काही वर्षं पाण्याच्या तलावात ठेवतात. पुरेसं निवल्यावर पोलाद-काँक्रीटच्या पिंपांत हलवलं की नुसत्या वाहत्या हवेवर भागतं.