घरी एस्प्रेसोचे सेकंद नेमके कधीपासून मोजायचे? माझा शॉट, म्हणजे मशीनमधून एका वेळी निघणारी कॉफी, १५ सेकंदांतच संपतो.

पंपाचं बटण दाबलं की मोजायला सुरुवात करा. काही जण पहिला थेंब पडल्यापासून मोजतात; तेही चालतं, पण रोज एकच पद्धत ठेवा, नाहीतर कालच्या आणि आजच्या शॉटची तुलनाच होत नाही.

पण खरं सांगू? घड्याळाआधी वजनकाटा घ्या. १८ ग्रॅम पावडर, कपात ३६ ग्रॅम कॉफी आणि वेळ साधारण २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करा. शॉट थांबवायचा तो वजन बघून. सेकंद फक्त दळण कसं आहे ते सांगतात. तुमच्या १५ सेकंदांचा अर्थ दळण जाड आहे, आणि चव आंबट लागत असणार. ग्राइंडर एक खूण बारीक करा, बाकी काही हलवू नका. वेळ ४० सेकंदांच्या पुढे जाऊन कडवट लागली तर उलट करा.

आमच्या बेळगावात पावसाळ्यात हवा इतकी दमट की मेमध्ये जमलेलं सेटिंग जुलैत बिघडतं. मी टिळकवाडीत राहतो, जून ते सप्टेंबर जवळपास दर आठवड्याला ग्राइंडरला हात लावावा लागतो. बिया जुन्या झाल्या तरी शॉट भरभर पळतो, म्हणून पाकिटावरची भाजल्याची तारीख बघा.

आणि दुकानातली चिकोरी घातलेली फिल्टर पावडर मशीनमध्ये नको. ती स्टीलच्या फिल्टरमध्येच झकास लागते, सोबत कुंदा असेल तर विचारूच नका.