तारणाची ‘खात्री’ की ‘हमी’?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका वाचकाच्या हाती पत्रक पडलं: ‘तुम्हाला तारणाची खात्री आहे का?’ त्यांचा प्रश्न असा की, हे सोनेतारणातलंच तारण का? आणि ‘खात्री’ऐवजी ‘हमी’ बरं नाही का? शिवाय ‘विश्वास’ आणि ‘श्रद्धा’ यांत फरक काय, हेही त्यांनी विचारलं आहे.

तारणं दोन. एक गहाण ठेवलेली वस्तू, दुसरं तरून जाणं, उद्धार. ख्रिस्ती मराठीत दुसराच अर्थ चालतो. येशू ‘तारणारा’ तो त्यामुळेच. आपल्याकडचे कोकणी कॅथलिक मात्र ‘सोडवण’ नाहीतर पोर्तुगिजांकडून आलेलं ‘साल्वासांव’ म्हणतील. ‘तारणाची हमी’ छापलं असतं तर पतसंस्थेचीच जाहिरात वाटली असती!

अर्थात बायबललाही व्यवहाराचं वावडं नाही. इफिसकरांस पत्रात (1:14) पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा ‘विसार’ म्हटलं आहे. जागेचा सौदा ठरला की हातावर ठेवतात तोच विसार. तो दिला की देणारा शब्दाला बांधला गेला. ही झाली हमी, आणि ती देवाकडून. खात्री वाटायची ती माणसाला. हमी देतात, खात्री वाटते, पटते, कधी करून घ्यावी लागते. समोरच्याने हमी दिली म्हणून आपली खात्री पटतेच असं कुठे आहे?

पंथापंथांतला जुना वाद नेमका इथेच आहे. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547मध्ये ठरवलं की देवाच्या दयेवर शंका घेऊ नये, पण आपल्याला कृपा लाभलीच आहे असं चुकीला जागाच नसलेल्या खात्रीने कोणीही म्हणू शकत नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने उलट विश्वासाच्या व्याख्येतच देवाच्या आपल्यावरच्या मर्जीची पक्की जाण घातली. पुढे त्याच परंपरेतल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्राने, म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्याने (1646), जरा सैल सोडलं: खरा विश्वास असूनही खात्री पटायला फार काळ लागू शकतो. मला हे शेवटचं माणसाच्या स्वभावाला धरून वाटतं. पत्रकातला सवाल प्रॉटेस्टंट वळणाचा आहे. जुन्या गोव्यातल्या एखाद्या कॅथलिक आजीला तो केलात तर ‘देवाची खोशी’ म्हणून ती विषय संपवील.

आता ‘विश्वास’. ‘देव आहे असा माझा विश्वास आहे’ आणि ‘देवावर माझा विश्वास आहे’ ही दोन वाक्यं एक नव्हेत. पहिल्यात नुसतं मान्य करणं आहे, दुसऱ्यात भार टाकणं. याकोबाच्या पत्रात (2:19) टोमणाच आहे: देव एकच आहे हे भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. तारायला पहिला विश्वास पुरतो, की दुसराच हवा, आणि तो खरा असेल तर कृतीत दिसायलाच हवा का, यावर आजही पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) मंडळी हमरीतुमरीवर येतात. कोकणी श्रद्धाविधानातलं, म्हणजे प्रार्थनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीतलं, ‘सतमानतां’ म्हणजे सत्य मानतो, अक्षरार्थाने पहिल्या जातीचं. पण त्याच्या आधी ‘देवावर’ या अर्थाचा शब्द येतो आणि पारडं दुसरीकडे झुकतं. कोकणीत श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात. शाळेत कवितेचा भावार्थ लिहून कंटाळलेल्यांना गंमत वाटेल, पण फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तही (1616) ‘भावार्थी’ म्हणजे श्रद्धावंत.

मग पत्रकात योग्य काय? ‘खात्री’च. मराठी बायबलात इब्री लोकांस पत्र 11:1मध्ये विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा ‘भरवसा’ आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची ‘खातरी’. पत्रकवाल्यांनी शब्द तिथूनच उचलला असावा. कर्ता देव असेल तिथे ‘हमी’ खुशाल वापरा. ‘विश्वास’च्या जागी ‘श्रद्धा’ कॅथलिक मराठीत सहज खपते, पण ‘विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरणे’ ही प्रॉटेस्टंटांची ठाम बसलेली शब्दजोडी आहे. तिथे ‘श्रद्धेने’ घातलंत तर पाळकांच्या कपाळावर आठी उमटेल.