उलटवता येतो तो भौतिक बदल? तो नियम सोडा

तुम्ही विचारलंय की मुलीच्या वहीत "उलटवता येतो तो भौतिक बदल, येत नाही तो रासायनिक" असं लिहून दिलंय, मग मेणबत्ती कुठे बसवायची, आणि ज्वलनशीलता हा कुठला गुणधर्म.

आधी ते वहीतलं वाक्य खोडा. कागदाचे कपटे केले तर परत अखंड कागद होत नाही, पण कपटाही कागदच असतो ना. उलट चार्जिंगची बॅटरी रोज भरते, रोज उतरते आणि आत दोन्ही वेळेला चालू असते रासायनिक अभिक्रियाच. बघायचं एवढंच, की आधीचाच पदार्थ उरलाय का दुसरा तयार झालाय.

मी स्वतः हे मोरचुदावर (म्हणजे कॉपर सल्फेटवर) शिकलो. निळे खडे कोरड्या परीक्षानळीत हळूहळू तापवले की नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमायला लागतात आणि खाली निळा रंग उडत उडत पांढरी भुकटी उरते. खड्यात अडकलेलं स्फटिकजल निघून जातं, ५ ग्रॅम घेतलं असेल तर सगळं पाणी गेल्यावर साधारण ३.२ ग्रॅमच उरतं. आता नळी पूर्ण गार करून त्यात दोन थेंब पाणी टाका, भुकटी झर्रकन निळी होते आणि नळी हाताला गरम लागते (ही गंमत बघून मी तेव्हा तेच तीनचार वेळा केलं होतं). म्हणजे उलटला की नाही बदल? आणि तरी रासायनिकच, कारण निळा खडा आणि पांढरी भुकटी हे दोन वेगळे पदार्थ.

रंग बदलला, उजेड पडला, उष्णता निघाली या खुणांचंही तसंच, अंदाजाला ठीक पण पुरावा नाही. जुन्या पिवळ्या बल्बची तार पांढरीफेक तापते, उजेड देते आणि बटण बंद केलं की तीच टंगस्टनची तार.

मेणबत्तीत दोन्ही एकदम चालू असतात म्हणून तर गोंधळ होतो. मेण वितळणं, वातीतून वर चढणं, त्याची वाफ होणं हे सगळं भौतिक, आणि पुढे ती वाफ जळते ते रासायनिक. ज्योत फुंकल्यावर वातीतून पांढरा धुराचा दोरा निघतो ना, ती मेणाचीच वाफ गारठून झालेले बारीक कण, त्या दोऱ्याला वरच्या वर पेटती काडी लावा, ज्योत खाली उडी मारून वात पेटवते. आणि जळत्या ज्योतीच्या जरा वर थंड कोरडा ग्लास उपडा धरलात तर आतून धुकं धरतं. ते पाणी. मेणात पाणी नव्हतं, मेणातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळून ते नवीन झालंय. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने मेणबत्तीवर मुलांसाठी अख्खी व्याख्यानमाला दिली होती ती काय उगाच नाही.

ज्वलनशीलता रासायनिक गुणधर्म. घनता, द्रवणांक, रंग तपासून झाल्यावर पदार्थ तसाच हातात राहतो, पण जळतो का हे जाळल्याशिवाय कळत नाही आणि जाळलं की तो तो राहत नाही.

मोरचुदाचा प्रयोग केलात तर तो विषारी आहे हे लक्षात ठेवा, मुलीला एकटीला करू देऊ नका, आणि पांढरं झालं की आच बंद. खूपच तापवलं तर ते काळं पडतं आणि झोंबणारा वायू सुटतो, मग त्यावर कितीही पाणी ओता, निळं होत नाही.